बांगड्यातलं एक प्रथिन ओळखताना : मास स्पेक्ट्रोमेट्रीचं काम पहिल्या पायरीपासून

गोव्यात जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांना मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र, बहुधा पुस्तकातल्या आकृतीतूनच भेटतो. परीक्षेपुरतं ते चालून जातं. पण प्रबंधासाठी हातात नमुना घेऊन एखाद्या सुविधा केंद्राच्या दारात उभं राहायची वेळ आली, की तिथे विचारले जाणारे प्रश्न त्या आकृतीत कुठेच नसतात. बफर कुठला? मीठ किती? डिटर्जंट वापरलंय का? प्रथिन किती मायक्रोग्रॅम आहे? कुठलं वस्तुमान दिसायला हवं? या प्रश्नांची उत्तरं वहीत तयार असतील, तर यंत्रावरचा तास सार्थकी लागतो. नसतील, तर कितीही महागडं यंत्र असलं तरी हाती केराटिन (आपल्याच कातडी-केसांतलं प्रथिन) आणि मिठातलं सोडियमच लागतं. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा यंत्राआधीच्या आणि यंत्रानंतरच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून मी बांगड्यातलं पार्व्हाल्ब्युमिन निवडलंय, आणि त्यामागे कारणं आहेत. हे प्रथिन लहान आहे, साधारण ११ ते १२ हजार डाल्टनचं (डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वस्तुमान). माशाच्या पांढऱ्या स्नायूत ते भरपूर असतं. ते उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे नुसतं तापवून ते इतर प्रथिनांपासून बरंचसं वेगळं करता येतं, महागडे स्तंभ लागत नाहीत. शिवाय विषय आपल्या ताटातला आहे. ज्यांना माशांची खरी अ‍ॅलर्जी असते, त्यांतल्या बहुतेकांना याच प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते, आणि हुमणात उकळल्यावरही ते टिकून राहतं. डोकं-कातडी काढलेले तुकडे खरंच इसवणीचे (सुरमईचे) आहेत का, हेही त्याच्या पेप्टाइडांवरून, म्हणजे तोडलेल्या प्रथिनाच्या तुकड्यांवरून, तपासता येतं. आणि नमुना? तो पणजीच्या, म्हापशाच्या, मडगावच्या कुठल्याही बाजारात सकाळी मिळतो.

आधी प्रश्न, मग नमुना

‘प्रथिनांचं मास स्पेक करायचंय’ हा प्रश्न झाला नाही. आपल्या उदाहरणात तीन वेगवेगळे प्रश्न संभवतात. एक, अख्ख्या प्रथिनाचं वस्तुमान किती? दोन, ते प्रथिन कुठलं, म्हणजे त्याचे पेप्टाइड अमिनो आम्लांच्या कुठल्या अनुक्रमाशी जुळतात? तीन, बांगड्यात आणि इसवणीत त्या अनुक्रमाचा फरक कुठे आहे? पहिल्याला अख्खं प्रथिन स्वच्छ करून द्यावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्याला ते ट्रिप्सिन या विकराने तोडावं लागतं. तोडलेल्या नमुन्यातून अख्खं वस्तुमान परत मिळत नाही, म्हणून सुरुवातीलाच नमुन्याचे दोन भाग करा.

बाजारातून मासा घेताना किमान तीन वेगवेगळे बांगडे घ्या. एकाच बांगड्याचे तीन तुकडे म्हणजे तीन नमुने नव्हेत. मासळी आणल्या आणल्या कापा, तुकडे लहान ट्यूबमध्ये भरून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये टाका आणि ट्यूबवर तारीख, बाजार आणि जात लिहा. शाई थंडीत पुसली जाते, म्हणून पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठीही पिशवीत ठेवा. अख्ख्या माशाचा फोटो आणि त्याच्या पराचा (फिनचा) थोडा भाग वेगळा जपून ठेवा, पुढे जातीबद्दल कुणी विचारलं तर डीएनए काढता येतो. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. जूनमध्ये प्रयोग ठेवला असेल तर मे महिन्यातच नमुने गोळा करा, नाहीतर बर्फात बरेच दिवस काढलेली बाहेरची मासळी गळ्यात पडते.

कुठला भाग कापायचा, हे महत्त्वाचं. बांगड्याची कातडी सोलली, की बाजूच्या मध्यरेषेवर एक तांबूस-तपकिरी पट्टा दिसतो. तो काळा स्नायू. त्यात पार्व्हाल्ब्युमिन कमी, आणि मायोग्लोबिन व चरबी जास्त. सुरीच्या टोकाने तो पट्टा पूर्ण काढून टाका आणि पाठीच्या परालगतचं पांढरं मांस घ्या. ही पाच मिनिटांची मेहनत पुढचा बराच त्रास वाचवते.

काढणी : तापवा आणि गाळा

एक ग्रॅम पांढरं मांस बारीक कापून चार मिलिलिटर थंड बफरमध्ये घ्या. बफर अगदी साधा हवा, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.२. त्यात ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) घालू नका. बऱ्याच प्रयोगशाळांत काढणीच्या बफरमध्ये सवयीने ईडीटीए पडतं. पण पार्व्हाल्ब्युमिनची उष्णतेसमोर टिकण्याची ताकद त्याने धरून ठेवलेल्या कॅल्शियममधून येते, आणि ईडीटीए तेच हिरावून नेतं. डिटर्जंटही नको. ट्रायटन, ट्वीन, एसडीएस यांपैकी काहीही एकदा नमुन्यात शिरलं की सहजासहजी निघत नाही आणि स्पेक्ट्रममधले, म्हणजे यंत्राच्या आलेखातले, पेप्टाइडांचे पीक (उंचवटे) दाबून टाकतं.

बर्फावर ठेवून होमोजिनायझरने एकजीव करा. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये साधारण १२,००० जी वेगाने १५ मिनिटं फिरवा. बांगडा तेलकट मासा, त्यामुळे ट्यूबमध्ये तीन थर दिसतील. तळाला गाळ, मध्ये किंचित गुलाबी द्रव आणि वर चरबीचा पातळ पांढुरका थर. पिपेटची टिप चरबीच्या थराखाली तिरकी उतरवून फक्त मधला द्रव घ्या.

आता हा द्रव ७० अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाच ते दहा मिनिटं ठेवा. बघता बघता तो गढूळ होतो आणि पांढऱ्या गुठळ्या धरतात. उष्णता न सोसणारी प्रथिनं साकळत असतात. लगेच बर्फात ठेवा, पुन्हा फिरवा. वर उरतो तो जवळपास पाण्यासारखा नितळ द्रव, त्यात आपलं प्रथिन आहे.

किती आहे, हे मोजताना सावध राहा. २८० नॅनोमीटरवरचं शोषण इथे फसवतं. पार्व्हाल्ब्युमिनमध्ये ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन फार कमी असतात, काही माशांत ट्रिप्टोफॅन नसतंच, आणि २८० वरची ताकद मुख्यतः त्या दोघांकडून येते. फिनाइलअ‍ॅलानिन मात्र भरपूर, म्हणून याचं शोषण २६० च्या आसपास दिसतं, आणि ते पाहून एखाद्याला डीएनए मिसळल्याची शंका येते. बीसीए पद्धतीने, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून, मोजा. शिवाय प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या १५ टक्के जेलवर थोडा नमुना पळवून बघा. १०-१५ हजार डाल्टनच्या पट्ट्यात एक ठळक पट्टी आणि वर फिकट एखाद-दुसरी, असं दिसलं तरच पुढे जा. जेलवर जे दिसत नाही ते यंत्रावर दिसेल, या आशेवर राहू नका.

केराटिन, पंखा आणि प्लास्टिक

माणसाच्या कातडीतलं आणि केसांतलं केराटिन हा या कामातला सर्वांत मोठा उपद्रव. आपल्याकडे लॅबमध्ये डोक्यावर पंखा गरगरत असतो, पावसाळ्यात कोंदट होतं म्हणून खिडक्या उघड्या असतात, आणि ती सगळी धूळ बेंचवर उतरते. ट्रिप्सिनचं काम करताना पंखा बंद ठेवा. बेंच आधी पाण्याने, मग ७० टक्के इथेनॉलने पुसा. नायट्राइलचे हातमोजे घाला, केस बांधा. ट्यूब पिशवीतून मुठीने काढू नका, पिशवी तिरकी करून स्वच्छ कागदावर ओता. बफरसाठी वेगळ्या बाटल्या ठेवा आणि त्या साबणाने धुऊ नका. साबणातून येणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल स्पेक्ट्रममध्ये ४४.०२६ डाल्टनच्या समान अंतराने पायऱ्या-पायऱ्यांसारखं दिसतं. अशी पायरी दिसली की नमुन्याला दोष देण्याआधी बाटली आठवा.

आणि एक ट्यूब कायम रिकामी चालवा. तिच्यात मासा नाही, बाकी बफर, युरिया, ट्रिप्सिन सगळं त्याच क्रमाने. या कोऱ्या नमुन्यात जे पीक येतील ते तुमच्या बांगड्याचे नव्हेत. माझ्या मते कोरा नमुना न चालवता काढलेल्या यादीवर विश्वास ठेवू नये, मग ती कितीही लांबलचक असो.

ट्रिप्सिनने तोडणी

ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे साखळी तोडतं, पुढचं अमिनो आम्ल प्रोलिन असेल तर सहसा सोडून देतं. पण घट्ट घडी घातलेल्या, कॅल्शियम धरून बसलेल्या प्रथिनात त्याला आत शिरता येत नाही. आधी घडी उलगडावी लागते.

समजा तुमच्या द्रवात मिलिलिटरला २ मिलिग्रॅम प्रथिन आहे. त्यातले १० मायक्रोलिटर, म्हणजे २० मायक्रोग्रॅम, घ्या. त्यात ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटमध्ये ताजा विरघळवलेला ८ मोलर युरिया ४० मायक्रोलिटर घाला. १०० मिलिमोलर डीटीटी (गंधकांमधले बंध सोडवणारं रसायन) साडेपाच मायक्रोलिटर घालून ३७ अंशांवर ४५ मिनिटं ठेवा. युरिया असताना ३७ च्या वर जाऊ नका. तापलेल्या युरियातून सायनेट तयार होतं, ते लायसिनला आणि साखळीच्या टोकाला चिकटतं आणि वस्तुमान ४३.००६ ने वाढतं. मग २५० मिलिमोलर आयोडोअ‍ॅसिटामाइड सहा मायक्रोलिटर, अंधारात अर्धा तास. याने सिस्टिनवर ५७.०२१ ची टोपी बसते आणि ते पुन्हा जोडलं जात नाही. आयोडोअ‍ॅसिटामाइड प्रकाशात खराब होतं, म्हणून आयत्या वेळी बनवा आणि ट्यूबला फॉइल गुंडाळा.

आता ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट घालून एकूण आकारमान ४०० मायक्रोलिटर करा. युरिया ०.८ मोलरवर येतो आणि ट्रिप्सिन तेवढं सहन करतं. एक थेंब पीएच पट्टीवर टाकून बघा, ८ च्या आसपास हवा. मग ०.४ मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन घाला, म्हणजे प्रथिनाच्या पन्नासावा भाग. मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठीच बनवलेलं घ्या, पेशी सोडवण्यासाठीचं नको. ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. मे महिन्यात आणि पावसात वीज जाते, तेव्हा इन्क्युबेटर यूपीएसवर आहे ना, हे संध्याकाळीच पाहून घ्या. सकाळी फॉर्मिक आम्ल घालून पीएच २ ते ३ वर आणा, ट्रिप्सिन थांबतं.

जेलमधली पट्टी कापून त्यातच तोडणी करायची असेल तर तत्त्व तेच. चौकोनी तुकड्यांचा निळा रंग धुऊन काढा, अ‍ॅसिटोनायट्राइल घाला. तुकडे आक्रसून खडूसारखे पांढरे आणि टणक होतात, तेव्हाच ते ट्रिप्सिनचं द्रावण शोषून घेतात. अर्धवट पारदर्शक राहिलेले तुकडे आत काहीच घेत नाहीत.

मीठ काढा

यंत्राला मीठ आणि युरिया चालत नाही. सी-१८ (पेप्टाइड धरून ठेवणारा पदार्थ) भरलेली बारीक टिप, जिला सगळेच झिपटिप म्हणतात, इथे पुरते. तिची क्षमता साधारण पाच मायक्रोग्रॅमची, म्हणून ४०० पैकी १०० मायक्रोलिटरच वापरा, उरलेले तीन भाग उणे २० ला ठेवा.

क्रम असा. आधी ५० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलने टिप भिजवा, मग ०.१ टक्का ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्लाने दोनदा धुवा. आम्लयुक्त नमुना १० मायक्रोलिटरच्या घोटांनी हळूहळू वर-खाली ओढा. पुन्हा आम्लाने धुवा, आणि शेवटी ५० ते ६० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये पेप्टाइड सोडवा. संपूर्ण वेळ टिपमध्ये हवा शिरू देऊ नका. थर कोरडा पडला की पेप्टाइड नीट धरले जात नाहीत. नमुना पुढे द्रव वर्णलेखनातून (लिक्विड क्रोमॅटोग्राफीतून) इलेक्ट्रोस्प्रेवर, म्हणजे फवाऱ्यातून आयन करणाऱ्या यंत्रावर, जाणार असेल तर शेवटच्या सोडवणुकीत ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिकऐवजी ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल वापरा, कारण ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक तिथे संकेत दाबतं.

पाठवायचं असेल तर व्हॅक्यूममध्ये पूर्ण वाळवून पाठवा. वाळलेले पेप्टाइड कुरियरमध्ये दोन-तीन दिवस सहज टिकतात, बर्फात पाठवलेला द्रव पुण्याला पोचेपर्यंत वितळलेला असतो. ट्यूबचं झाकण पॅराफिल्मने बंद करा, पावसात दुहेरी पिशवी घाला.

यंत्र कुठे मिळेल? गोवा विद्यापीठ ताळगाव पठारावर, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावलाला, बिट्स पिलानीचा परिसर झुआरीनगरला. आधी तिथे चौकशी करा. देशभरातल्या सुविधा केंद्रांसाठी आय-स्टेम हे सरकारी पोर्टल आहे, त्यावर यंत्र शोधून वेळ राखता येतो. नमुना पाठवण्याआधी तिथल्या यंत्रचालकाशी फोनवर बोला. तो माणूस वर्षभर दुसऱ्यांचे नमुने बघत असतो, आणि तुमच्या बफरची यादी ऐकून दोन मिनिटांत धोक्याची जागा सांगतो.

यंत्रात काय घडतं

प्रथिनासारखा अवजड रेणू न तुटता वायुरूप आयन कसा करायचा, ही अडचण बरीच वर्षं होती. जॉन फेन यांची इलेक्ट्रोस्प्रे पद्धत आणि कोइची तानाका यांची लेसरची सौम्य पद्धत यांनी ती सोडवली. दोघांनाही २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज सगळीकडे दिसणारी माल्डी पद्धत मात्र फ्रान्झ हिलेनकांप आणि मिखाएल कारास यांनी विकसित केली.

माल्डीत नमुना मॅट्रिक्सच्या स्फटिकांत मिसळून धातूच्या पाटीवर वाळवतात आणि त्यावर लेसर मारतात. आयनांवर बहुधा एकच प्रभार असतो, त्यामुळे स्पेक्ट्रम वाचायला सोपा. पेप्टाइडांसाठी अल्फा-सायनो-४-हायड्रॉक्सीसिनॅमिक आम्ल, अख्ख्या पार्व्हाल्ब्युमिनसाठी सिनॅपिनिक आम्ल. आपल्याकडच्या दमट हवेत थेंब सावकाश वाळतो आणि मोठे, विषम स्फटिक तयार होतात, मग लेसर एका जागी भरभरून देतो आणि शेजारी काहीच देत नाही. वातानुकूलित खोलीत, लहान थेंबात वाळवा.

इलेक्ट्रोस्प्रेत द्रव बारीक सुईतून उच्च विद्युतदाबाखाली फवारला जातो आणि एका रेणूवर अनेक प्रोटॉन बसतात. यंत्र वस्तुमान थेट देत नाही, ते वस्तुमान भागिले प्रभार, म्हणजे एम बाय झेड देतं. अख्ख्या प्रथिनाचा प्रभार काढायला दोन शेजारचे पीक पुरतात. लहान आकड्याच्या पीकमधून १.००७ वजा करा, आणि दोन पीकमधल्या अंतराने भागा. येणारा आकडा म्हणजे मोठ्या आकड्याच्या पीकवरचा प्रभार. समजा पीक ११४१.००७ आणि १०३७.३७१ वर आहेत. १०३६.३६४ भागिले १०३.६३६ म्हणजे १०. मग (११४१.००७ वजा १.००७) गुणिले १० म्हणजे ११,४०० डाल्टन. त्याच्या वर २२ डाल्टनवर आणखी एक पीक दिसला तर तो सोडियम आहे, म्हणजे मीठ काढायचं राहिलंय. अनुक्रमावरून काढलेल्या आकड्यापेक्षा ४२ ने जास्त आलं तर घाबरू नका. माशांच्या पार्व्हाल्ब्युमिनच्या सुरुवातीच्या टोकावर बहुधा अ‍ॅसिटिल गट असतो. आणि एकाच माशात याचे दोन-तीन प्रकार असू शकतात, म्हणून जवळजवळ उभे असलेले वेगवेगळे पीक म्हणजे दर वेळी अशुद्धी नव्हे.

आकडा आधी वहीत

हा भाग मला सर्वांत जवळचा. स्पेक्ट्रम उघडण्याआधी कुठला पीक कुठे यायला हवा, ते हाताने काढून लिहा. सॉफ्टवेअर नंतर.

सायप्रिनस, म्हणजे कार्प माशाच्या पार्व्हाल्ब्युमिनमध्ये एक तुकडा आहे: सेरिन, ग्लायसिन, फिनाइलअ‍ॅलानिन, आयसोल्युसिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, अ‍ॅस्पार्टिक, ग्लुटामिक, ल्युसिन, लायसिन. इतर बऱ्याच माशांत तो तसाच किंवा किरकोळ फरकाने सापडतो. अमिनो आम्लांची अवशिष्ट वस्तुमानं ओळीने मांडा:

८७.०३२ + ५७.०२१ + १४७.०६८ + ११३.०८४ + १२९.०४३ + १२९.०४३ + ११५.०२७ + १२९.०४३ + ११३.०८४ + १२८.०९५ = ११४७.५४०

त्यात पाण्याचे १८.०११ मिळवा, पेप्टाइडाचं वस्तुमान ११६५.५५० (पुढचे दशांश धरल्यामुळे इथे आणि पुढे शेवटच्या अंकात एकाचा फरक पडतो). माल्डीत एक प्रोटॉन धरून पीक ११६६.५५८ वर हवा. इलेक्ट्रोस्प्रेत दोन प्रोटॉन धरून (११६५.५५० + २.०१५) भागिले २, म्हणजे ५८३.७८२ वर.

पडद्यावर ५८३.७८५ दिसला तर फरक ०.००३, म्हणजे दशलक्षात सुमारे पाच भाग. ऑर्बिट्रॅपसारख्या अचूक यंत्रावर दहा भागांच्या आतला फरक मान्य. पण आकडा जुळला म्हणून थांबू नका, आयसोटोपचं अंतर बघा. कार्बन-१३ मुळे पीकच्या उजवीकडे लहान लहान सोबती असतात. प्रभार एक असेल तर ते सुमारे १.००३ अंतरावर, दोन असेल तर ०.५०२ वर, तीन असेल तर ०.३३४ वर. ५८३.७८२ च्या शेजारी सोबती ५८४.७८५ वर असेल, पण ५८४.२८४ वर नसेल, तर तो आपला पेप्टाइड नव्हे.

मग तुकड्यांचा स्पेक्ट्रम. यंत्र हा एकच आयन निवडून वायूवर आदळवतं आणि साखळी पेप्टाइड बंधांवर तुटते. लायसिनच्या टोकाकडून मोजलेले तुकडे म्हणजे वाय मालिका. पहिला १४७.११३, हा लायसिनचा ठसा. टोकाला आर्जिनिन असतं तर १७५.११९ आला असता. पुढे २६०.१९७, ३८९.२३९, ५०४.२६६, ६३३.३०९, ७६२.३५२, ८७५.४३६, १०२२.५०४. शेजारच्या दोघांमधलं अंतर म्हणजे एकेक अमिनो आम्ल: ११३.०८४ ल्युसिन, १२९.०४३ ग्लुटामिक, ११५.०२७ अ‍ॅस्पार्टिक. कागदावर पट्टी ठेवून ही अंतरं एकदा स्वतः मोजली, की स्पेक्ट्रम कायमचा वाचता येतो. ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वस्तुमान मात्र अगदी सारखं, ते या पद्धतीने ओळखता येत नाही. डेटाबेस जे म्हणतो ते मान्य करायचं.

आता जातीचा फरक. समजा एखाद्या माशात सातव्या जागी अ‍ॅस्पार्टिकऐवजी ग्लुटामिक आहे. वस्तुमान १४.०१६ ने वाढेल, दुहेरी प्रभाराचा पीक ५९०.७९० वर जाईल. पण मिथाइल गट जोडला तरी वस्तुमान नेमकं तेवढंच वाढतं! नुसत्या पीकवरून ‘वेगळी जात’ म्हणणं धोक्याचं. वाय मालिकेत तिसरा तुकडा ३८९.२३९ वरच राहून चौथा ५१८.२८२ वर सरकला, तर बदल नेमका सातव्या जागी आहे. मिथाइल गट लायसिनवर असता तर पहिलाच तुकडा १६१.१२८ वर आला असता.

डेटाबेसशी जुळवणी

जुळवणीचं सॉफ्टवेअर मॅस्कॉट, मॅक्सक्वांट, फ्रॅगपाइप, कुठलंही चालेल. शेवटची दोन शैक्षणिक कामासाठी फुकट आहेत. प्रथिनांच्या युनिप्रॉट या डेटाबेसमधली बांगड्याची नोंद आधी बघा. ती अपुरी वाटली तर किरणपरी (रे-फिन्ड) माशांचा पूर्ण गट घ्या, आणि त्यात दूषितांची यादी मिसळा: माणसाची केराटिनं, ट्रिप्सिन, बोव्हाइन अल्ब्युमिन. दूषितांविना शोध केला तर केराटिनचे स्पेक्ट्रम माशाच्या कुठल्यातरी प्रथिनाच्या गळ्यात बांधले जातात.

सिस्टिनवर ५७.०२१ कायमचा बदल म्हणून सांगा. मिथिओनिनवर १५.९९५ (एक ऑक्सिजन) आणि सुरुवातीच्या टोकावर ४२.०११ (अ‍ॅसिटिल गट) हे संभाव्य बदल. संभाव्य बदलांची यादी फुगवू नका. प्रत्येक नव्या बदलाने शक्यता कैक पटींनी वाढतात आणि योगायोगाने जुळणाऱ्यांची संख्याही. चुकीच्या ओळखींचं प्रमाण उलट्या अनुक्रमांच्या खोट्या डेटाबेसवरून १ टक्क्यावर बांधा. प्रथिनासाठी किमान दोन वेगळे पेप्टाइड मागा, आणि निष्कर्ष ज्यांच्यावर उभा आहे ते स्पेक्ट्रम स्वतः उघडून बघा.

फॉर्मेलिनचा प्रश्न

२०१८ च्या जुलैत गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनचा विषय पेटला आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी आली. तेव्हापासून विद्यार्थी दर वर्षी विचारतात, मास स्पेक्ट्रोमीटरवर ते दिसेल का? फॉर्मल्डिहाइड स्वतः फक्त ३० डाल्टनचं, प्रथिनांच्या पद्धतीत थेट दिसत नाही. त्याची डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिनशी अभिक्रिया घडवून तयार होणारा रेणू ऋण प्रभारात २०९ वर शोधतात. प्रथिनांवरचा त्याचा ठसाही असतो. लायसिनवर ३०.०११ किंवा पाणी निघून गेल्यावर १२.००० ची वाढ दिसते, आणि तिथे ट्रिप्सिन तोडू शकत नाही. पण बोंबिलासारख्या काही माशांत मेल्यानंतर आपोआपच फॉर्मल्डिहाइड तयार होतं. त्यामुळे ‘सापडलं’ एवढं पुरत नाही, त्याच जातीच्या, डोळ्यांदेखत जाळ्यातून काढलेल्या माशाशी तुलना केल्याशिवाय कुणाही मासळीवालीकडे बोट दाखवू नये. तिचं पोट त्या टोपलीवर असतं.

ओळखीवरून नेमक्या चाचणीकडे

सर्व नमुन्यांत हमखास येणारे, टोकाला ट्रिप्सिनने नीट तुटलेले, मिथिओनिन आणि सिस्टिन नसलेले दोन-तीन पेप्टाइड निवडा. प्रत्येकाचा अनुक्रम एनसीबीआयच्या ब्लास्टवर, म्हणजे अनुक्रम शोधून जुळवणाऱ्या साधनावर, तपासा. वरचं कार्पचं उदाहरण अनेक माशांत सामाईक आहे, म्हणून ते ‘यात मासा आहे’ एवढंच सांगेल. इसवण की दुसरं काही, यासाठी फक्त इसवणीत असलेला पेप्टाइड हवा. असा पेप्टाइड सापडला की तोच अनुक्रम कृत्रिमरीत्या बनवून मागवा. वर्णलेखनात दोघे एकाच मिनिटाला बाहेर पडले आणि तुकड्यांची प्रमाणंही जुळली, तर ओळख पक्की.

मग मोठ्या यंत्राची गरज उरत नाही. ट्रिपल क्वाड्रुपोलवर, म्हणजे ठराविक आयनच गाळून मोजणाऱ्या यंत्रावर, पहिल्या गाळणीत ५८३.८ आणि तिसऱ्यात ७६२.४, ६३३.३, ५०४.३ अशा जोड्या लावल्या की तेवढाच पेप्टाइड मोजला जातो. इसवणीच्या पेप्टाइडासाठी त्याचे आकडे वरच्याच रीतीने वहीत काढा. पार्व्हाल्ब्युमिन उष्णतेत टिकत असल्यामुळे ही चाचणी तळलेल्या कटलेटवरही करून बघता येते. फक्त तेल आधी हेक्सेनने काढा, बटाट्याचा गर सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला जाऊ द्या, आणि दोन नमुन्यांच्या मध्ये दर वेळी एक कोरा नमुना चालवा, म्हणजे आधीच्या कटलेटचे पेप्टाइड स्तंभात अडकून पुढच्याच्या नावावर चढणार नाहीत.